पोपटी आलं की सगळे आले

पुरवणी जबाब
दिनांक ३१/०१/२०२६, वेळ सकाळी ११ वाजून १० मिनिटे

मी, यशोधरा बाबुराव ओव्हाळ, वय ५९ वर्षे, धंदा : सेवानिवृत्त (भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक), राहणार धनकवडी, पुणे.

कोणी बोलावल्यावरून नव्हे, तर स्वतःहून पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

या प्रकरणात माझा पहिला जबाब दि. १९/०१/२०२६ रोजी याच ठाण्यात नोंदवला गेला आहे. त्याखालची सही माझी आहे, मजकूर माझा नाही. त्यात असे लिहिले आहे की हिंमतराव बोत्रे, वय ६८, राहणार नारायण पेठ, हे दि. १८ रोजी दुपारी उरुळी कांचन येथे 'मी माझा माझा जातो' असे म्हणून आमच्या सायकल मंडळातून वेगळे झाले आणि पुढे त्यांना झालेल्या अपघाताशी मंडळाचा काही संबंध नाही. हे धादांत खोटे आहे. हिंमतराव दि. २१ रोजी रुग्णालयात वारले. त्यांना येऊन काही सांगता येणार नाही, म्हणून मी आले आहे.

एवढे दिवस कुठे होता, असे अंमलदार साहेबांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. एवढे दिवस मी मूग गिळून घरी बसले होते. काल दि. ३० रोजी हिंमतरावांचा दहावा झाला. दुपारी मी त्यांच्या घरी भेटायला गेले. घरात दहाएक माणसे होती. हिंमतरावांच्या पत्नी इंदुबाई फोटोला हार घालायला तयार नव्हत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं सांगत आले, कुठं जाताना सांगून जात जा. शेवटपर्यंत न सांगताच गेले. हट्टानं मेले." त्यांना हे कोणी सांगितले, तर आमच्या मंडळाचे अध्यक्ष इंद्रजीत रणनवरे यांनी. पुरावा म्हणून काय दाखवले, तर मोबाईलमध्ये काढलेला माझ्या जबाबाचा फोटो. म्हणजे ही बाई नवऱ्याच्या मरणाचा राग त्या मेलेल्या नवऱ्यावर काढते आहे, आणि तो माझ्या सहीच्या आधारावर. मला तिथे चहासुद्धा घेता आला नाही.

आज इंदुबाईंना मी सोबत आणले आहे. त्या माझ्या मागच्या बाकावर बसल्या आहेत. मी काय सांगणार हे त्यांना माहीत नाही. चला, तुम्हाला ऐकायचे आहे, एवढेच मी त्यांना म्हणाले.

अंमलदार साहेबांना माझी विनंती आहे की माझी वाक्ये गुळगुळीत करू नयेत. बत्तीस वर्षे मी सरकारी कागद लिहिले आहेत. कुठल्या शब्दाखाली काय झाकता येते ते मला चांगले ठाऊक आहे.

आता मंडळाबद्दल. आमचे सह्यचक्र सायकल मंडळ. मी चार वर्षांपासून सभासद आहे, हिंमतराव सहा वर्षांपासून होते. नारायण पेठेत त्यांचे स्टोव्ह आणि शेगड्या दुरुस्त करण्याचे दुकान होते. त्यांची सायकल काळी, लोखंडी, बिनगिअरची, मागे कॅरिअर आणि पुढे घंटी. ताशी तेरा किलोमीटरच्या वर ती कधी गेली नाही आणि बाराच्या खाली कधी आलीही नाही. तरुण मुले त्यांना मालगाडी म्हणत. ते हसत. अध्यक्ष रणनवरे, वय अंदाजे ४६, हे स्वतः सायकल चालवत नाहीत. ते पुढे गाडीत बसून शिट्टी वाजवतात. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे काय ते कोणाला बघायचे असेल तर आमच्या सहलीला यावे.

मंडळात एक रिवाज आहे, तो समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. वीस माणसे रस्त्यावरच्या टपरीवर मोजून बघा. दोघे आडोशाला गेलेले, एक फोनवर, दोघे रसाच्या गाड्यापाशी, आणि मोजणारा स्वतःला धरायला विसरतो. म्हणून आम्ही माणसे मोजत नाही. सगळ्यात शेवटच्या सायकलवाल्याने पोपटी रंगाचे, चमकत्या पट्ट्यांचे जॅकेट घालायचे. त्याने कोणाला मागे टाकून यायचे नाही. जो थांबेल त्याच्यासोबत थांबायचे. येताना रस्त्याच्या दोन्ही कडा बघत यायचे, टपऱ्या, पेट्रोल पंप, पाण्याच्या चाऱ्या, सगळे. ते जॅकेट मुक्कामावर दिसले की अध्यक्ष शिट्टी मारतात आणि सगळे निघतात. 'पोपटी आलं की सगळे आले' हे आमच्याकडे लहान मुलालाही पाठ आहे. जॅकेट मधल्या रस्त्यात बदलायचे नाही, ते फक्त थांब्यावर अध्यक्षांच्या समोर, नाव घेऊन बदलायचे, असाही नियम आहे. तो रणनवरे यांनीच केला आणि ओळखपत्राच्या मागे छापून घेतला. ओळखपत्र मी सोबत आणले आहे.

दि. १६ ते १८ जानेवारी अशी सोलापूर ते पुणे सहल होती. आम्ही एकोणीस जण होतो. पहिला मुक्काम टेंभुर्णी, दुसरा भिगवण. दि. १८, रविवार, शेवटचा आणि सगळ्यात लांबचा दिवस, भिगवण ते पुणे, एकशे पाच किलोमीटर. पहाटे ५.४० ला निघालो. धुके होते, हात बधिर झाले होते. पोपटी जॅकेट केयूर वाडकर याच्या अंगावर होते. केयूर, वय २८, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला आहे. मुलगा वाईट नाही. पाटसपर्यंत तो हिंमतरावांच्या मागे नीट आला. ८.५० ला पाटसला पोहे खाल्ले, साडेदहाच्या सुमारास चौफुल्याला चहा घेतला. तोपर्यंत ऊन चढले होते आणि समोरून वारा सुटला होता.

११.५० ला यवतला जेवण. तिथे रणनवरे यांनी जाहीर केले की हडपसरला चार वाजता आपले स्वागत आहे. मंडप, हलगी, हारतुरे आणि प्रमुख पाहुणे. पाहुणे वेळेचे फार पक्के आहेत, एक मिनिट इकडचे तिकडे चालणार नाही. सहलीला निघताना यातले काहीही आम्हाला सांगितलेले नव्हते. मग ते हिंमतरावांपाशी गेले आणि म्हणाले की काका, तुम्ही इथून सामानाच्या टेम्पोत बसा, तुमच्यामुळे सगळ्यांना उशीर होईल. हिंमतराव भाकरी कुस्करत होते. त्यांनी वर न बघता सांगितले की मी सोलापूरहून चाकावर निघालो आहे, घरी चाकावरच जाणार. रणनवरे यांचा चेहरा उतरला. हे अकरा-बारा जणांनी पाहिले आहे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी एकालाही ते आठवत नव्हते.

दुपारी १.३५ ला उरुळी कांचन. रस प्यायलो. १.५५ ला शिट्टी झाली, सगळे निघाले. माझ्या मागच्या चाकात हवा नव्हती, पंक्चर झाले होते. रिवाजाप्रमाणे केयूर माझ्यासोबत थांबला. हिंमतरावही थांबले. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि चाक सोडवायला खाली बसले. मीच त्यांना उठवले. म्हटले, तुमचा वेग कमी, तुम्ही निघा, पंक्चर काढून आम्ही तुम्हाला लोणी काळभोरच्या आत गाठतो. ते म्हणाले, "बरं, मग मी होतो पुढं. तुम्ही दोघं मागं आहात, मला काळजी नाही."

हे त्यांचे शब्द आहेत. 'मी माझा माझा जातो' हे नाहीत. ते सांगून गेले. मला सांगून गेले, केयूरला सांगून गेले, आणि मीच त्यांना जा म्हणाले म्हणून गेले. वेळ दुपारी दोन. हा परिच्छेद अंमलदार साहेबांनी मला मध्येच एकदा वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

पंक्चर काढायला चाळीस मिनिटे लागली, कारण केयूरने घातलेली नवी ट्यूब टायरमध्ये चिमटून फुटली आणि दुसरी घालावी लागली. तेवढ्यात त्याला रणनवरे यांचे दोन फोन आले. हडपसरच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केयूरकडे होते. दुसऱ्या फोननंतर त्याने जॅकेट काढून माझ्यापुढे धरले आणि म्हणाला की काकू, आता शेवटच्या तुम्हीच, हे घाला, मी पुढे सटकतो. मी म्हटले, हे रस्त्यात बदलायचे नसते. तो म्हणाला, अध्यक्षांनीच सांगितले आहे. मी जॅकेट घातले. माझ्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती. केयूर कानात गाणी लावून २.४२ ला गेला. मी २.४५ ला निघाले.

आता वेळ मांडते. हिंमतराव दोन वाजता निघाले. उरुळीपासून सात किलोमीटरवर, कुंजीरवाडीच्या हद्दीत, डाव्या अंगाला रस्त्याची साइडपट्टी खचलेली आहे. तिथे त्यांचे पुढचे चाक घसरले आणि ते सायकलसकट शेजारच्या चारीत गेले. कुठल्या वाहनाचा धक्का लागलेला नाही, चाकाची खूण साइडपट्टीवर स्पष्ट होती. साइडपट्टी कोणी नीट ठेवायची ते आपण शोधावे. त्यांच्या वेगाने हिशेब केला तर ही वेळ २.३२ येते. मी त्या जागेवरून ३.१० ला गेले. मला ते दिसले नाहीत.

दिसले नाहीत कारण मी बघत नव्हते. पोपटी जॅकेट अंगावर असताना कडेला बघत जाणे हे एकच काम असते आणि तेच मी केले नाही. मी मान खाली घालून पुढचे चाक बघत पायडल मारत होते. चार वाजता हडपसर, एवढेच डोक्यात होते. हिंमतराव वाटेत भेटत नाहीत, हे ध्यानात आले होते. पण म्हटले, ते दोनला निघाले, एव्हाना लोणीला पोचले असतील. हिशेब बसत होता. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की कागदावर हिशेब बसला तरी बांधावर जाऊन पाय लावल्याशिवाय हद्द सांगायची नाही.

३.२५ ला लोणी काळभोरच्या थांब्यावर पोहोचले. सगळे सायकलींवर बसून तयार होते. मी दिसताच रणनवरे यांनी गाडीच्या खिडकीतून शिट्टी मारली. मी गाडीजवळ जाऊन सांगितले की हिंमतराव दिसत नाहीत. त्यावर ते म्हणाले, "ओव्हाळ मॅडम, पोपटी कोणाच्या अंगावर आहे? तुमच्याच ना? मग सगळे आले. ते पुढंच असणार."

मी त्यांना सांगितले की जॅकेट मध्येच माझ्याकडे आले आहे, माणसे मोजा. एकोणीस माणसे मोजायला किती वेळ लागतो? मी इथे बसून मोजून दाखवते, पंधरा सेकंद. ते म्हणाले, म्हातारबाबांना हाराची हौस, ते केव्हाच हडपसरला जाऊन बसले असतील. दोघे-तिघे हसले. मी हिंमतरावांना फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. सायकलवर असताना ते फोन उचलत नसत. शिट्टी पुन्हा वाजली आणि मी निघाले. तिथे मी सायकल आडवी घालायला हवी होती. मोजणीवर असताना मी तालेवार शेतकऱ्यांना ऊन-पावसात तासन्‌तास उभे केले आहे. एका शिट्टीपुढे माझी जीभ उचलली नाही, याचा मला जितका संताप येतो तितका रणनवरे यांचाही येत नाही.

४.१० ला हडपसर. हलगी वाजत होती. उतरताच आमच्या गळ्यात हार पडले. मंडपात हिंमतराव नव्हते. प्रमुख पाहुणेही नव्हते, ते वेळेचे पक्के असल्यामुळे पाच वाजून गेल्यावर आले, असे मागाहून कळले. मी परत मागे जाते असे सांगत होते आणि रणनवरे मला सगळ्यांचा एक फोटो होईपर्यंत थांबवत होते, तेवढ्यात ४.२० ला इंदुबाईंचा फोन आला. त्यांनी हिंमतरावांना फोन केला होता आणि तो दुसऱ्याच कोणा बाईने उचलला होता.

ती बाई म्हणजे गोदाबाई. तिचा जबाब आपण अजून घेतलेला नाही, तो घ्यावा. ती कुंजीरवाडीची आहे, म्हशीसाठी चारीकडेने गवत कापत होती. तिने मला जे सांगितले ते असे. "फोन वाजाय लागला गवतात. बघाया गेले तर मानूस पडल्याला. पानी पाजलं. म्या म्हनलं, बाबा, संगं कोन हाय का? तर म्हनला, पोपटी गेलं, आता मागं कुनी न्हाई." हिंमतराव पडले तेव्हा शुद्धीवर होते. फोन पिशवीसकट दहा-बारा फूट लांब उडाला होता, तो दोनदा वाजला, पण त्यांना सरकता येत नव्हते. रस्त्यावरून जाणारे पोपटी जॅकेट त्यांनी खालून पाहिले. त्यांनी हाक मारली, जॅकेट थांबले नाही, असेही त्यांनी गोदाबाईला सांगितले.

आमचा रिवाज त्यांनाही पाठ होता. पोपटी येईपर्यंत माणूस वाट बघू शकतो. पोपटी निघून गेल्यावर कशाची वाट बघायची? तिथून पुढे, ४.०५ च्या सुमारास गोदाबाई येईपर्यंत, ते पंचावन्न मिनिटे पडून होते. या पंचावन्न मिनिटांबद्दल मला जास्त काही सांगता येत नाही.

गोदाबाईने रस्त्यात आडवे उभे राहून एक मालवाहू टेम्पो थांबवला, दोन माणसे बोलावली आणि ४.४० ला हिंमतरावांना लोणीच्या दवाखान्यात नेले. ज्या बाईचा यांच्याशी काडीचा संबंध नाही, तिने हे केले. मी रिक्षाने ५.०५ ला पोचले तेव्हा त्यांची शुद्ध गेली होती. माझ्या गळ्यात हार तसाच होता, तो परिचारिकेने काढायला सांगितला. तिथून त्यांना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवले. मांडीचे आणि कमरेचे हाड मोडून आत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर चांगले होते. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, फक्त पडल्यावर किती वेळाने आणले असे दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर मी दिले. रणनवरे पावणेसातला आले, खांद्यावर सत्काराची शाल घेऊन.

दुसऱ्या दिवशी, दि. १९ रोजी सकाळी, त्यांनी मला आणि केयूरला ठाण्याच्या आवाराबाहेर बाजूला घेतले. मजकूर त्यांनी आधीच घोटून ठेवला होता. मी म्हटले, हे खरे नाही. त्यावर त्यांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. म्हणाले, "जॅकेट तुमच्या अंगावर होतं, मॅडम. खरं लिहिलं तर पहिलं नाव तुमचं येईल. मी तुम्हाला वाचवतोय." तेव्हा हिंमतराव जिवंत होते. ते बरे होतील, मग बघू, असे मी स्वतःला सांगितले आणि आत जाऊन तोच मजकूर माझा म्हणून सांगितला. ठाण्यातल्या माणसांचा यात दोष नाही, त्यांनी मी सांगितले ते लिहिले. तिसऱ्या दिवशी हिंमतराव गेले आणि चौथ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षांची सूचना आली की सभासदांनी शिस्त पाळावी, परस्पर निघून जाऊ नये, त्याचे परिणाम आपण पाहिलेच आहेत. खाली छत्तीस जणांनी हात जोडले. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकले होते. इथे संन्यासी आधीच मेलेला होता, म्हणून कोणाला काही वाटले नाही.

केयूरने मला दि. २२ रोजी फोन केला. तो रडत होता. मी येऊन खरे सांगतो म्हणाला. अजून आलेला नाही, त्याला बोलवावे. रणनवरे यांनाही बोलवावे आणि १८ तारखेचे दुपारचे त्यांचे फोन तपासावेत.

दि. २४ रोजी मी एकटी त्या जागेवर गेले. गोदाबाईने जागा दाखवली. मी टेप लावून मोजणी केली. डांबराच्या कडेपासून हिंमतराव पडले होते तिथपर्यंत तीन मीटर चाळीस सेंटिमीटर. चारीची खोली एक मीटर साठ. त्या ठिकाणचे गवत तोपर्यंत दबलेलेच होते. मी माझी पिशवी तिथे ठेवली, मागे जाऊन सायकलवर बसले आणि ३.१० च्या उन्हात तिथून गेले. पिशवी दिसली. तीन वेळा गेले, तिन्ही वेळा दिसली. मोजणीचा नकाशा प्रमाणासह जोडला आहे. तो माझ्या विरुद्ध पुरावा म्हणून धरावा.

अंमलदार साहेबांनी मला समजावले की बाई, हे असे लिहिले तर तुमच्यावर येईल, पहिला जबाब खोटा दिला त्याचेही येईल. येऊ दे. माझे म्हणणे असे की, हिंमतराव बोत्रे मंडळ सोडून गेले नव्हते. ते सांगून, नीट, आपल्या वेगाने पुढे गेले होते. त्यांना मंडळाने मोजले नाही आणि मी बघितले नाही. पहिला जबाब मी याद्वारे खोटा ठरवते. या जबाबाची प्रत इंदुबाई बोत्रे यांना द्यावी, म्हणजे पुन्हा कोणी त्यांना मोबाईलमधला फोटो दाखवायला गेला तर त्यांच्याकडेही कागद असेल.

येथवरचा जबाब अंमलदार साहेबांनी मोठ्याने वाचला. मी सहीसाठी पेन घेतले तेव्हा इंदुबाई बाकावरून उठून टेबलापाशी आल्या. त्या रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "ते हाक मारत होते, असं ती गवतवाली म्हणाली. तुम्हाला ऐकू आली का?"

त्यामुळे पुढील मजकूर वाढवत आहे.

हाक ऐकू आली होती. डावीकडून, खालून, पुरुषाचा आवाज, दोन वेळा. शब्द कळले नाहीत. मी त्या बाजूला बघितले नाही. मी वेग वाढवला. सायकलवर बसलेल्या बाईला रस्त्याकडेने रोज कोणी ना कोणी हाक मारतो, ओरडतो, शिट्टी घालतो. अशा वेळी मान वळवायची नसते, वळवली की तो मागे येतो. हे मला कोणी शिकवले नाही. बत्तीस वर्षे एकटीने गावोगाव मोजणीला जाऊन अंगात मुरले आहे, आणि बाईने स्वतःला कसे जपावे म्हणून मंडळातल्या नव्या मुलींना मीच ते शिकवते. त्या दिवशीही मी मनात त्याला एक शिवी दिली. ती शिवी मी हिंमतरावांना दिली. हे मी पहिल्या जबाबात सांगितले नाही आणि आज बाकी सगळ्यांची नावे घेऊन झाल्यावरही सांगितले नव्हते. इंदुबाईंनी विचारले नसते तर सांगितले असते की नाही, ते मला माहीत नाही.

इंदुबाईंनी हे उभ्यानेच ऐकून घेतले. वाढवलेल्या मजकुरासह सगळा जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचा, असे त्यांनी अंमलदार साहेबांना सांगितले. त्याप्रमाणे तो पुन्हा वाचला गेला. मी तो ऐकला. त्यातला शब्द न् शब्द मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि खरा आहे.

सही
(यशोधरा बाबुराव ओव्हाळ)